दोन ओळींची चाचणी

“आणखी काय हवं, बाई? तीनशेच्या वर चाचण्या आहेत आणि सगळ्या हिरव्या आहेत. आता तरी रेणुकाताईंना कळवू का, की पुन्हा असं होणार नाही?”

शार्दूल खानविलकर उभ्यानेच विचारत होता. बस म्हटलं तरी तो बसत नसे. बसलेल्या माणसाचं लोक कमी ऐकतात, असा त्याचा समज असावा.

गुंजाळ बाई गवार मोडत होत्या.

“रेणुकाने काय विचारलंय?”

“पुन्हा होणार नाही ना, असं.”

“आणि तुला काय माहीत आहे?”

“चाचण्या हिरव्या आहेत.”

“हं...” बाई म्हणाल्या, आणि एक जून शेंग त्यांनी बाजूला टाकली.

प्रमिला गुंजाळ पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्या आणि संगमनेरला एका पिठाच्या गिरणीवरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल थरथरायचं. त्या थरथरत्या टेबलावर बसून त्या ‘मागोवा’ नावाचं सॉफ्टवेअर सांभाळत. आम्ही चार-पाच जण त्यांच्याकडे शिकायला जाऊन-येऊन असायचो. आपसांत त्या घराला मठ म्हणायचो. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आवडत नव्हतं.

मी त्यातलाच एक. कामात बेताचा, ऐकण्यात बरा. म्हणून हे सांगू शकतो.

मागोवा काय करतो ते सांगायला हवं. पाच जण वेगवेगळ्या गावी बसून एकच पुस्तक लिहीत असले, तर कोणी काय बदललं आणि आधी काय होतं, हे सगळं तो जपून ठेवतो. आणि सांगितलं की सगळ्यांचं काम एका जागी आणून जुळवतो. त्याला आम्ही जुळवणी म्हणतो. हा मागोवा नीट चालतो का हे तपासायला दुसरे लहान लहान प्रोग्राम लिहिलेले असतात, त्या चाचण्या. ठीक असेल तर पडद्यावर हिरवी ओळ येते, बिघडलं असेल तर लाल. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.

आता मिरजेचं. तिथे एक लहानसा गट दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये आणतो. रेणुका चौगुले त्या गटात मजकूर तपासते. तिला स्वतःला जन्मापासून दिसत नाही. ती बोटांनी वाचते, आणि संगणक तिच्याशी बोलतो.

विज्ञानाच्या पुस्तकात पाचवा धडा रक्ताभिसरणाचा होता. हृदयाचे कप्पे सांगताना कोणीतरी डावं-उजवं उलट लिहून ठेवलेलं. रेणुकाने ते सुधारलं. त्याच सुमारास तिच्या सहकाऱ्याने, सदानंदने, पुस्तकात मधेच एक नवा पाचवा धडा घातला आणि जुन्या पाचव्याला सहावा केला. मग दोघांच्या कामाची जुळवणी झाली. मागोव्याने जाहीर केलं, ‘जुळवणी पूर्ण. सर्व ठीक.’

छापील नमुना हातात आला तेव्हा रेणुकाच्या बोटांखाली जुनीच चूक आली. तिची दुरुस्ती कुठेच नव्हती. मागोवा ती नव्या पाचव्या धड्यात बसवायला गेला, तिथे ती बसेना, म्हणून त्याने ती मुकाट्याने टाकून दिली होती.

तिने बाईंना फोन केला. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाली, “चूक कोणाचीही होते, बाई. पण त्यानं सगळं ठीक आहे असं का सांगितलं?”

पुस्तकाचं काम अजून बरंच बाकी होतं आणि शाळा उघडायला फार दिवस नव्हते. मागोव्यावर विसंबायचं, की पूर्वीसारखं एकाचं झाल्यावर दुसऱ्याने करायचं, हे तिला ठरवायचं होतं. एकामागून एक केलं तर मुलांना पुस्तक वेळेवर मिळत नव्हतं. दोघांनी एकदम केलं तर काय मिळेल याचा भरवसा नव्हता.

शार्दूलने ते काम अंगावर घेतलं. तो हुशार होता. हे त्याने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोष त्याने एका दुपारीत शोधला, दुरुस्त केला, आणि वर तीनशे चाचण्या लिहिल्या. आता त्याला रेणुकाच्या तोंडून ‘वा’ ऐकायचं होतं. यात वाईट काही नाही. आम्हालाही ऐकायचं असतंच.

बाईंनी पदराला हात पुसले आणि त्या टेबलापाशी आल्या.

“तुझी दुरुस्ती कुठे आहे?”

“ही. इथून इथपर्यंत.”

बाईंनी त्या ओळींवरून माउस फिरवला आणि त्या खोडून टाकल्या.

“बाई! अहो...”

“आता चाचण्या चालव.”

“आता कशाला? आता तर तो दोष परत आला.”

“म्हणूनच चालव.”

शार्दूलने चालवल्या. तोंड असं केलं होतं, जणू मोठ्या माणसांचा हट्ट पुरवावा लागतोय. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. हिरवी, हिरवी, हिरवी. त्या खालपर्यंत हिरव्याच आल्या.

गिरणी तेवढ्यात थांबली. खोलीत एकदम शांत झालं...

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा चालवल्या. पुन्हा सगळं हिरवं.

“दुरुस्ती होती, तेव्हा हिरवं. दुरुस्ती नाही, तरी हिरवं.” बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता. “मग या इतक्या जणी बघतायत तरी काय?”

“कोडची एकही ओळ सुटलेली नाही, बाई. प्रत्येक ओळीवरून चाचणी जाते.”

“ओळ सुटली नसेल. रेणुकाची दुरुस्ती सुटली.”

शार्दूलचे कान लाल झाले. तो लॅपटॉप उचलून निघून गेला. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत होता.

बाई परत गवारीपाशी बसल्या.

“परत येईल का?” मी विचारलं.

“न येऊन जातो कुठे...”

आला. दोन दिवसांनी, चेहऱ्यावर पुन्हा तेज घेऊन.

“आता बघा. रेणुकाताईंकडून त्यांचं अख्खं पुस्तकच मागवलं. जसंच्या तसं. सगळे धडे, सगळ्या आकृत्या, ज्याची त्याची वेगळी फाइल, प्रत्येकाने केलेला प्रत्येक बदल. चाचणी ते सगळं उघडते, खरी जुळवणी करते, आणि शेवटी जे काही पडद्यावर येतं ते अक्षरन्‌ अक्षर ताडून बघते.” त्याने आपली दुरुस्ती स्वतःच काढली. “हे बघा, लाल.” परत घातली. “हे बघा, हिरवं. आता?”

बाईंनी मान डोलावली. खरंच कौतुकाने डोलावली. मला वाटलं, सुटला बिचारा.

मग त्या वाकल्या आणि मागोव्यात कुठेतरी काहीतरी दोन अक्षरं बदलली.

“चालव.”

लाल.

“काय केलंत तुम्ही?”

“‘जुळवणी पूर्ण’ असं लिहून यायचं. मी ‘जुळवणी झाली’ केलं.”

“अहो, पण...”

“रेणुकाची दुरुस्ती गेली?”

“नाही.”

“मग ही कशाला रडते?”

बाई थांबल्या नाहीत.

“उद्या तारीख दाखवायची पद्धत बदलली तर?”

“...लाल.”

“फाइली वरच्या खाली दिसल्या तर?”

“लाल.”

“अशी उठल्यासुटल्या लाल व्हायला लागली, की तू हिचं काय करशील? खरं सांग.”

शार्दूलमध्ये एक गोष्ट चांगली होती. कोपऱ्यात सापडला की तो खोटं बोलत नसे.

“बंद करीन,” तो म्हणाला.

“मीही केली असती. आणि ज्या दिवशी खरोखरच कोणाची दुरुस्ती जाईल, त्या दिवशी ती बंद असेल.”

खाली कोणीतरी दळण घेऊन आलं असावं. गिरणी सुरू झाली, टेबल थरथरलं. शार्दूलने पहिल्यांदाच खुर्ची ओढली आणि तो बसला.

“मग काय ठेवू?”

“हिच्यातून काहीतरी काढ. तुझी दुरुस्ती नसताना तरीही लाल झाली, तर जे काढलंस ते नको होतं.”

“आणि लाल व्हायची थांबली तर?”

“तर ते परत ठेव. दुसरं काढ.”

“असं किती काढू?”

बाईंनी ताटातली एक शेंग घेतली. दोन्ही टोकं मोडली, कडेची शीर ओढून काढली, आणि उरलेला तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

तो त्या तुकड्याकडे बघत राहिला...

पुढचे काही दिवस शार्दूल एका कोपऱ्यात बसून पुस्तक पोखरत होता. आधी गणिताचं पुस्तक काढलं, कारण ते उगाच बरोबर आलं होतं. मग आकृत्या काढल्या. मग पाचव्या-सहाव्याखेरीज सगळे धडे. माणसंही काढली. गटातले सगळे गेले, दोघेच उरले. प्रत्येक वेळी तो आपली दुरुस्ती काढून लाल बघायचा, घालून हिरवं बघायचा. एकदा मी त्याला चहाला बोलावलं, तर “थांब, आधी लाल होऊ दे,” म्हणाला. मला हसू आलं. आठवड्याभरापूर्वी हाच माणूस हिरव्यासाठी जीव टाकत होता.

एका सकाळी मात्र तो कपाळाला आठ्या घालूनच बाईंसमोर आला.

“चाचणी बिघडली, बाई.”

“काय झालं?”

“छान लहान होत आली होती. धडा आठ ओळींचा केला, नीट चालली. चार ओळींचा केला, नीट चालली. दुरुस्ती काढली की लाल, घातली की हिरवी. दोन ओळींवर आणला, तर दुरुस्ती घालूनसुद्धा लाल.”

“का?”

“कारण कळलं आहे.” तो जरा घाईने बोलू लागला. “माझी दुरुस्ती काय करते, तर धडा दुसऱ्या नावाने दुसरीकडे गेलाय का ते शोधते. अर्ध्याहून जास्त ओळी जुळल्या, तर हा तोच धडा. सदानंदने धडा हलवला तेव्हा वरचा क्रमांकही बदलला, पाचाचा सहा. मोठ्या धड्यात त्या एका ओळीने काही बिघडत नाही. पण दोनच ओळी असल्या, तर एक बदलली म्हणजे अर्धा धडाच बदलला. मग तो ओळखू येत नाही.”

“आणि रेणुकाची दुरुस्ती?”

“ती... जाते.”

“मागोवा काय म्हणतो?”

“‘सर्व ठीक.’”

बाईंनी चष्मा वर सरकवला.

“पण बाई, दोन ओळींचा धडा कोण लिहितं? उगाच टोकाला जाण्यात अर्थ नाही. चार ओळींची चाचणी ठेवतो. लहान आहे, चोख आहे, तुम्ही म्हणालात तशीच आहे.”

खरं सांगायचं तर मला त्याचं पटलं होतं. दोन ओळींचा धडा मीही कुठे पाहिलेला नाही.

“रेणुकाला फोन लाव,” बाई म्हणाल्या.

“काय सांगू?”

“सांगू नको. विचार.”

“काय विचारू?”

“दोन ओळींचा धडा कोण लिहितं, असं मला विचारलंस ना? तेच.”

शार्दूलने फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग रेणुकाचा आवाज आला.

“बोला हो दादा.”

“ताई, एक विचारायचं होतं. तुमच्या पुस्तकात अगदी लहान फाइल असते का? म्हणजे... दोनच ओळींची?”

“असते की. आकृत्यांच्या सगळ्या दोनच ओळींच्या. वर आकृतीचा नंबर, खाली वर्णन.”

शार्दूलने बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“अशा... बऱ्याच आहेत?”

“विज्ञानाचं पुस्तक हाय दादा, पानापानाला आकृती. आमच्या पोरांना चित्र दिसत नाही, मग वर्णन हेच त्यांचं चित्र. धड्यात एखादा शब्द चुकला तर बाई वर्गात सांगतील. चित्र चुकलं तर कोण सांगणार? माझं निम्मं काम त्यातच असतंय.”

“त्यांचे नंबर... ते कधी बदलतात का?”

“आता बदलायचेत की! मधे दोन नव्या आकृत्या आल्यात, पुढच्या सगळ्या सरकवायच्या. सदानंदनं त्याच्याकडं सरकवून ठेवल्यात. माझ्या दुरुस्त्या माझ्याकडं तयार हाईत. तुमच्या निरोपासाठीच थांबलेय मी. तुम्ही हो म्हणालात की लगेच जुळवणी करते.” ती क्षणभर थांबली. “करू का?”



त्या दोन ओळींच्या फाइली शार्दूलच्या डोळ्यांसमोर आल्या असणार. त्याने स्वतःच तर त्या पहिल्या दिवशी पुस्तकातून काढून बाजूला टाकल्या होत्या. त्याच्या जागी मी असतो तर आठवड्यापूर्वीच हो म्हणून मोकळा झालो असतो.

“नको, ताई,” तो कसाबसा म्हणाला.

“अजून झालं न्हाई?”

“नाही. झालं असं वाटलं होतं.”

“बरं,” रेणुका म्हणाली. “थांबते मग.”

फोन बंद झाला...

बाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. तो घटाघटा प्यायला.

“अर्ध्याच्या जागी तिसरा हिस्सा धरतो,” तो म्हणाला. “मग दोन ओळींचीही ओळखेल.”

“आणि एकाच ओळीची असली तर?”

“मग...” तो अडखळला. “कुठेतरी अंदाज करावाच लागणार ना, बाई? मशीन आहे ते.”

“पाकिटावरचं घर सापडलं नाही, तर पोस्टमन काय करतो?”

“शेजारी विचारतो.”

“फेकून देतो का?”

“नाही.”

“आणि फेकून देऊन वर ‘पोचलं’ असं सांगतो का?”

शार्दूल उठला. या वेळी तो निघून गेला नाही, कोपऱ्यातल्या आपल्या जागी जाऊन बसला.

त्याने आपली आधीची दुरुस्ती सगळी काढून टाकली. एका दुपारीत लिहिलेलं काम पुसायला त्याला अख्खी दुपार लागली. नव्याने लिहिलं ते आधीपेक्षा कमी होतं आणि कमी हुशार होतं. एखादी दुरुस्ती कोणाची, कुठे ठेवायची, हे नक्की कळलं तर ठेवायची. कळलं नाही तर जुळवणी तिथेच थांबवायची आणि माणसाला विचारायचं.

पण ते लिहिण्याआधी त्याने चाचणी लिहिली. दोन ओळींची एक फाइल. वर क्रमांक, खाली एक वाक्य. एक माणूस क्रमांक सरकवतो आणि जुन्या जागी नवी फाइल ठेवतो. दुसरा माणूस वाक्यातला एक शब्द सुधारतो. जुळवणी होते. मग चाचणी एकच गोष्ट बघते, तो सुधारलेला शब्द आहे का, आणि नसेल तर मागोव्याने विचारलं का. बाकी पडद्यावर काय येतं, कसं येतं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

त्याने ती आधी चालवली आणि तिची लाल ओळ बाईंना दाखवायला लॅपटॉप घेऊन आला. दुरुस्ती अजून लिहायचीच होती. हिरवं काही दाखवायला नसताना तो बाईंकडे आला, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

लाल ओळीत लिहिलं होतं, ‘क्रमांक सरकला आणि न विचारता दुरुस्ती हरवली.’

“हे कोणासाठी लिहिलंस?” बाईंनी विचारलं.

“पुढे कधीतरी ही लाल होईल, तेव्हा जो कोणी इथे बसलेला असेल त्याच्यासाठी. त्याला शोधत बसायला लागू नये.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं त्यांना आनंद झाला होता, पण त्या तसं म्हणाल्या नाहीत.

दुरुस्ती लिहून झाली तेव्हा चाचणी हिरवी झाली. बाईंनी दुरुस्ती काढली, लाल. घातली, हिरवी. ‘जुळवणी झाली’चं ‘जुळवणी आटोपली’ केलं, तरी हिरवी. फाइलींचा क्रम उलटा केला, तरी हिरवी. मग त्यांनी चाचणीतली एक ओळ काढून पाहिली, जुन्या जागी नवी फाइल ठेवण्याची. दुरुस्ती नसतानाही चाचणी लाल होईना. त्यांनी ती ओळ परत ठेवली.

“ठेव,” त्या म्हणाल्या.

“आणि त्या आधीच्या तीनशे?”

“त्यांच्यातली एक तरी लाल झालेली पाहिलीस कधी?”

“नाही.”

“मग तुझी त्यांची अजून ओळखच झालेली नाही.”

शार्दूल हसला. थोडं कसंनुसं हसला, पण हसला.

त्याने रेणुकाला नवा मागोवा पाठवला आणि फोन लावला. आम्ही सगळे टेबलाभोवती होतो. गिरणीवाल्याला बाईंनी खिडकीतून ओरडून जरा थांब म्हणून सांगितलं. हे त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

“ताई, आता करा जुळवणी. पण ती सरळ पुरी होणार नाही. मधे मधे थांबेल, तुम्हाला विचारेल. वैतागू नका.”

“थांबलं म्हणजे बिघडलं का?”

“नाही. थांबलं तर बरं समजा.”

“आणि परत कधी माझं काही जाणार न्हाई ना?”

शार्दूलने डोळे मिटले. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. एक साधं ‘नाही’ म्हणायचं होतं. तीनशे चाचण्यांच्या दिवशी ते त्याच्या जिभेच्या टोकावर होतं.

“ते मला सांगता येणार नाही, ताई,” तो म्हणाला. “गेलं होतं तसं पुन्हा जायला लागलं, तर तुमच्या आधी आम्हाला कळेल. एवढं बघितलंय, स्वतः बघितलंय. दुसऱ्या कुठल्या वाटेने गेलं, तर मात्र तुम्हीच सांगा. मी आहे.”





पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला, आणि तिच्या संगणकाचा तो सपाट, एकसुरी आवाज, फोनमधून येणारा, जरा फाटलेला. “आकृती सहा. एक दुरुस्ती आहे. ती कोणत्या आकृतीची, हे कळत नाही. कुठे ठेवू?”

“अगं बाई,” रेणुका म्हणाली. “विचारतंय.”

तिने उत्तर दिलं. पुन्हा आवाज आला, आकृती सात, कुठे ठेवू? पुन्हा उत्तर. मग आठ. ती एकेका आकृतीला जागा सांगत गेली, आम्ही ऐकत राहिलो. शार्दूलने टेबलाची कड घट्ट धरली होती. शेवटची आकृती झाली. मग तिने सहाव्या आकृतीचं वर्णन पुन्हा उघडून बोटांनी वाचलं असावं, कारण बराच वेळ पलीकडून फक्त तिचा श्वास येत होता.

“आहे,” ती म्हणाली. “माझा शब्द हाय इथं.”

फोन बंद झाल्यावर बाईंनी खिडकीतून गिरणीवाल्याला हात केला. टेबल थरथरू लागलं. आम्ही आपापल्या जागी गेलो. शार्दूल तसाच उभा राहिला. त्याला ‘वा’ मिळालं नव्हतं, पण बोचत होतं ते वेगळंच काहीतरी होतं.

“बाई,” तो म्हणाला, “तिला खात्री हवी होती. तेवढीच एक गोष्ट तिने मागितली, आणि मी ती दिलीच नाही.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं...

“खात्री तर मागोव्यालाही होती.”